ऑनलाइन बाजारातली पत: विक्रेत्याचं रेटिंग कसं ठरतं आणि ते न्याय्य कधी म्हणायचं?

मार्केट यार्डात ओळखीच्या शेतकऱ्याचा माल उतरला की आडत्या पोतं फोडायच्या आधीच अंदाज बांधतो. याचा माल वर एक आणि खाली एक असा नसतो, हे त्याला दहा वर्षांच्या व्यवहारातून ठाऊक असतं. हीच पत. ती गावाला माहीत असते, खरेदीदाराला माहीत असते आणि त्यावर भावात दोन रुपये इकडेतिकडे होतात.

आता हळद, गूळ, बेदाणा, हापूसच्या पेट्या, बचत गटांचे पापड-लोणची मोबाइलवरून विकली जाऊ लागली आहेत. पुण्या-मुंबईचा गिऱ्हाईक विक्रेत्याला ओळखत नाही. त्याला दिसतात फक्त पाच तारे आणि त्यापुढचा आकडा. दहा वर्षांच्या पतीचं काम त्या एका आकड्याला करावं लागतं. हा आकडा कसा काढतात, यावर गावातल्या विक्रेत्याचा धंदा चालतो किंवा बसतो. पण तो हिशेब नीट समजावून सांगणारं कोणी भेटत नाही. म्हणून ही माहिती.

सुरुवात ईबेपासून

अनोळखी लोकांनी एकमेकांना गुण द्यायचे, ही पद्धत मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा रुळवली ती अमेरिकेतल्या ईबेने. पिएर ओमिडियार यांनी १९९५ मध्ये लिलावाची ही वेबसाइट सुरू केली आणि १९९६ मध्ये तिथे शेरे देण्याची सोय आली. चांगला व्यवहार झाला तर अधिक एक, वाईट झाला तर उणे एक, मधला असेल तर शून्य. घेणाऱ्याने विकणाऱ्याला द्यायचे, विकणाऱ्याने घेणाऱ्याला.

पतीला बाजारात किंमत आहे, हेही ईबेवरच मोजलं गेलं. पॉल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. जुनी पोस्टकार्डं विकणाऱ्या एका मुरलेल्या विक्रेत्याने सारखाच माल स्वतःच्या जुन्या नावानेही विकला आणि नव्या, कोऱ्या नावांनीही विकला. जुन्या नावाला गिऱ्हाइकं सरासरी ८.१ टक्के जास्त द्यायला तयार होती. माल तोच, माणूस तोच, फरक फक्त नावापुढच्या आकड्याचा. शंभराच्या मालाला एकशेआठ.

पण या पद्धतीत एक खोट होती. दोघेही एकमेकांना गुण देणार म्हटल्यावर "तू मला वाईट दिलंस तर मीही देईन" हे सुरू झालं. माल खराब निघाला तरी गिऱ्हाईक गप्प बसायचा किंवा चांगलंच लिहायचा. त्यामुळे जवळजवळ सगळेच शेरे चांगले दिसायचे आणि सगळेच चांगले असल्यावर आकड्याला अर्थ राहत नाही. शेवटी २००८ मध्ये ईबेने नियम बदलला. विक्रेत्याला गिऱ्हाइकाविषयी वाईट शेरा देता येणार नाही, असं ठरलं. विक्रेते चिडले. त्यांचंही चुकीचं नव्हतं, कारण फसवणारा गिऱ्हाईकही असतोच. भाड्याने घर देणाऱ्या एअरबीएनबीने २०१४ मध्ये वेगळी वाट काढली: दोघांनी १४ दिवसांत लिहायचं आणि दोघांचं लिहून झाल्यावर किंवा मुदत संपल्यावरच ते एकदम उघडायचं. समोरच्याने काय लिहिलंय हे आधी दिसत नाही, म्हणून बदला घ्यायला जागा राहत नाही. दोन्हीतला हा उपाय जास्त शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात कोणाचंच तोंड बंद केलेलं नाही.

साध्या सरासरीचा घोटाळा

आता मुख्य गोष्ट, हिशेबाची. सगळे तारे मिळवायचे आणि देणाऱ्यांच्या संख्येने भागायचं, हा शाळेतला हिशेब. तो ऐकायला सरळ आहे, पण छोट्या आणि नव्या विक्रेत्याला तोच बुडवतो.

समजा एका बचत गटाने नुकतंच खातं उघडलं. पहिल्याच गिऱ्हाइकाने काही कारणाने एक तारा दिला. झालं, गटाचं रेटिंग १. पाचशे शेरे असलेल्या बड्या विक्रेत्याला असाच एक वाईट शेरा मिळाला तर त्याचा आकडा जागचा हलतही नाही. उलट बाजूनेही तसंच. कोणी घरातल्या तिघांकडून पाच-पाच तारे घेतले की तो ५ वर जातो आणि प्रामाणिकपणे पाचशे ऑर्डर पोचवून ४.६ वर असलेला त्याच्या खाली दिसतो.

यावरचा उपाय जुना आहे. प्रत्येक विक्रेत्याच्या खात्यात सुरुवातीलाच काही शेरे सरासरीचे धरायचे. म्हणजे नवा माणूस आला की त्याला ना वाईट समजायचं ना फार चांगलं, चारचौघांसारखा समजायचं. मग खरे शेरे येतील तसा आकडा त्याच्या स्वतःच्या कामाकडे सरकत जातो.

आकड्यांत बघू. धरा की त्या प्लॅटफॉर्मवर त्या मालाची सर्वसाधारण सरासरी ४.२ आहे आणि प्रत्येकाच्या खात्यात असे २० शेरे आधीच टाकले. वीस गुणिले ४.२ म्हणजे ८४ गुण.

एकच शेरा, तोही एक ताऱ्याचा, मिळालेला नवा गट: ८४ अधिक १ भागिले २१, म्हणजे ४.०५. साध्या सरासरीत तो १ वर होता.

घरच्या तिघांकडून पाच-पाच घेतलेला: ८४ अधिक १५ भागिले २३, म्हणजे ४.३०. साध्या सरासरीत ५ होता.

पाचशे शेऱ्यांवर ४.६ असलेला: ८४ अधिक २३०० भागिले ५२०, म्हणजे ४.५८. त्याचं जवळजवळ काहीच बिघडलं नाही आणि तो रास्तपणे वर आला.

आणि पाचशे शेऱ्यांवर अडीच तारे असलेला? तो २.५७ वरच राहतो. या पद्धतीने खराब विक्रेता लपत नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवं.

वीसच का, तीस का नाही, हे प्लॅटफॉर्मने ठरवायचं असतं. फार मोठा आकडा धरला तर नव्याने कितीही चांगलं काम केलं तरी तो वर येत नाही. फार छोटा धरला तर पहिला शेरा जीव घेतो. दुसरा प्रश्न, सरासरी कोणाची धरायची? मोबाइलचं कव्हर आणि पिकलेला आंबा एका मापाने मोजले तर आंबेवाला कायम खालीच दिसणार. कव्हर वाटेत नासत नाही. नाशवंत मालाची तुलना नाशवंत मालाशीच व्हायला पाहिजे.

मोठ्या कंपन्या साधी सरासरी सोडून पुढे गेल्या आहेत. अ‍ॅमेझॉन वस्तूंचे तारे दाखवताना शेरा किती ताजा आहे आणि खरेदी खरोखर झाली होती का, असं बघून वजन देते. पण वजन नेमकं किती, ते कंपनी उघड करत नाही.

पहिला वाईट शेरा किती महाग पडतो

लुईस काब्राल आणि अली होर्ताचसू या अर्थशास्त्रज्ञांनी ईबेवरच्या विक्रेत्यांचा माग काढला. त्यांचा अभ्यास २०१० मध्ये छापून आला. पहिला वाईट शेरा येण्याआधी विक्रेत्याची आठवड्याची विक्री सरासरी ५ टक्क्यांनी वाढत होती. तो शेरा आल्यावर ती ८ टक्क्यांनी घटू लागली. त्यानंतरचे वाईट शेरेही आधीपेक्षा लवकर यायला लागले. म्हणजे एका शेऱ्याने माणूस उताराला लागतो.

एखाद्या मोठ्या कंपनीला हा उतार परवडतो. ज्याने पेट्या, लेबल, बबल रॅप आणि परवाना यासाठी उसनवारी केली, त्याला परवडत नाही. म्हणून पहिला शेरा कशाबद्दल आहे, हे बघणं भाग आहे.

चूक कोणाची, भरतो कोण?

तालुक्यातून माल पाठवणाऱ्यांची सगळ्यात मोठी तक्रार हीच असते. पेटी व्यवस्थित बांधून कुरिअरच्या हातात दिली, बिल्टी घेतली, पुढे गोडाऊनमध्ये तीन दिवस पडून राहिली. गिऱ्हाइकाच्या हातात पोचेपर्यंत आंबा उतरला. एक तारा कुरिअरला जायला हवा होता, गेला विक्रेत्याला.

ईबेने २००७ मध्ये यासाठी शेऱ्याचे चार भाग केले. वस्तू वर्णनाप्रमाणे होती का, विक्रेता नीट बोलला का, पाठवायला किती वेळ लागला आणि पाठवणीचा खर्च वाजवी होता का. हे चार शेरे कोणी दिले ते विक्रेत्याला दिसत नव्हतं. कल्पना चांगली, कारण एका ताऱ्यात सगळा राग ओतला की त्यातून शिकण्यासारखं काही हाती लागत नाही. अ‍ॅमेझॉनमध्ये माल कंपनीच्याच गोडाऊनमधून गेला असेल आणि तक्रार फक्त पोचवण्याची असेल, तर तो शेरा विक्रेत्याच्या हिशेबातून वगळण्याची सोय आहे. पण जो स्वतःच्या अंगणातून माल पाठवतो त्याला या सोयीचा उपयोग नाही, आणि गावातला विक्रेता बहुतेक वेळा हाच असतो.

शेतमालात आणखी गुंता आहे. तीन उदाहरणं.

हापूसमध्ये साका निघतो. फळ बाहेरून देखणं, कापलं की आत पांढरट, स्पंजासारखा भाग. बागायतदारालाही पेटी भरताना तो दिसत नाही. डझनात एखादं फळ तसं निघालं तर ते बदलून देणं किंवा त्याचे पैसे परत करणं ही विक्रेत्याची जबाबदारी आहे. पण त्यावरून त्याला फसवा ठरवणं बरोबर नाही. न्याय्य पद्धतीत "दोष निघाला, विक्रेत्याने भरपाई दिली" आणि "दोष निघाला, विक्रेत्याने फोन उचलला नाही" या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या गेल्या पाहिजेत. आज बहुतेक ठिकाणी दोन्हीचा एकच तारा होतो.

रसायन न घातलेल्या गुळाचं दुसरं उदाहरण. तो काळपट तपकिरी असतो. शहरातल्या गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ बघायची सवय. तो "रंग खराब" लिहून दोन तारे देतो. म्हणजे ज्याने भेसळ केली नाही त्यालाच दंड. शेरा विचारताना "माल वर्णनाप्रमाणे होता का?" असा प्रश्न ठेवला आणि वर्णनात रंगाबद्दल आधीच लिहिलेलं असलं, तर हा अन्याय बराच टळतो. "माल आवडला का?" असं विचारलं तर टळत नाही.

तिसरं, कच्च्या आंब्याचं. पेटी आढीत घालून आठवड्याने पिकणार, हे गावात पोराला कळतं. फ्लॅटमधल्या गिऱ्हाइकाला पेटी उघडताच हिरवी फळं दिसली की तो चिडतो आणि त्याच मिनिटाला तारे देतो. अशा मालासाठी शेरा मागायची वेळ पोचल्याच्या दिवसाची न ठेवता आठ-दहा दिवसांनंतरची ठेवली पाहिजे. गोष्ट साधी आहे, पण ती करायला प्लॅटफॉर्म बनवणाऱ्याला मालाची ओळख लागते.

हंगामी विक्रेता हिशेबातच बसत नाही

बऱ्याच प्लॅटफॉर्मवर अलीकडच्याच कामगिरीवर निकाल लावतात. अ‍ॅमेझॉनच्या नियमात ऑर्डर डिफेक्ट रेट म्हणून एक माप आहे. ६० दिवसांच्या ऑर्डरींपैकी वाईट शेरे, परताव्याचे दावे वगैरेंचं प्रमाण १ टक्क्याच्या आत ठेवावं लागतं. ते ओलांडलं तर खातं बंद होऊ शकतं.

जुने पाप धुऊन निघावं आणि जुन्या पुण्याईवर कोणी जगू नये, म्हणून ताज्या कामाला वजन देणं ठीकच आहे. पण साठ दिवसांत ज्याच्या ऑर्डरीच ४० आहेत, त्याची एक तक्रार म्हणजे अडीच टक्के. एका तक्रारीत तो मर्यादेच्या बाहेर. चार हजार ऑर्डरी असलेल्याला चाळीस चुका करता येतात. टक्क्याची मर्यादा सगळ्यांना सारखी दिसते, पण लागू सारखी होत नाही. थोड्या ऑर्डरी असतील तिथे टक्क्याऐवजी किमान तक्रारींची संख्या धरावी, हा त्यावरचा सरळ उपाय.

आंब्याचा धंदा तर दोन-अडीच महिन्यांचा. मार्च अखेरीला खातं उघडलं, जूनमध्ये संपलं. पुढच्या हंगामात तो परत कोरा. द्राक्ष, स्ट्रॉबेरी, हुरडा यांचंही तेच. हंगामी मालाला महिन्यांऐवजी हंगाम मोजले आणि मागच्या दोन-तीन हंगामांचे शेरे जोडून ठेवले, तर शेतकऱ्याची पत दरवर्षी पुसली जाणार नाही.

गप्प बसलेल्यांचं काय?

क्रिस नोस्को आणि स्टीव्हन टाडेलिस यांनी ईबेवर आणखी एक गोष्ट पाहिली. निम्म्या विक्रेत्यांचं तरी चांगल्या शेऱ्यांचं प्रमाण १०० टक्के होतं, सगळ्यांची सरासरी ९९ च्या वर. एवढा सगळा माल चांगला असणं शक्य नव्हतं. ज्यांना माल पसंत पडला नाही, त्यातले पुष्कळ जण काही न लिहिता निघून जात होते. म्हणून त्यांनी सुचवलं की चांगले शेरे भागिले एकूण शेरे असं न करता चांगले शेरे भागिले एकूण ऑर्डरी असं करा. शंभर ऑर्डरींत साठ चांगले आणि एक वाईट मिळवणारा हा शंभरांत वीसच चांगले मिळवणाऱ्यापेक्षा बरा, जरी दुसऱ्याच्या नावावर वाईट शेरा एकही नसला तरी.

आपल्याकडे हे तसंच्या तसं लावताना जपून राहावं लागेल. कॅश ऑन डिलिव्हरीने घेणारे, मराठीत लिहायची सोय नसलेल्या ॲपवर असणारे, वयस्क गिऱ्हाईक हे माल आवडला तरी काही लिहीत नाहीत. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ नाराजी असा काढला तर ज्याचा गिऱ्हाईकच खेड्यातला आहे तो मागे पडेल.

पेटीतली चिठ्ठी

मालाच्या खोक्यात "पाच स्टार द्या, पन्नास रुपये मिळवा" अशी चिठ्ठी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. अ‍ॅमेझॉनने मोबदला घेऊन लिहिलेल्या अशा शेऱ्यांवर २०१६ मध्ये बंदी घातली. चीनच्या ताओबाओने २०१२ मध्ये वेगळा प्रयोग केला होता. विक्रेता शेऱ्यासाठी पैसे देऊ शकतो, पण ते शेरा चांगला असो की वाईट, मिळणारच. उपयोगी माहिती लिहिली आहे का एवढंच तपासायचं. वाईट लिहिलं तरी पैसे मिळणार म्हटल्यावर ज्याला आपल्या मालावर भरवसा आहे तोच हा खर्च करतो.

भारतात ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून स्वतःच्या मालाचे शेरे लिहिणं चालत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन शेऱ्यांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणलं. शेरा लिहिणाऱ्याची खातरजमा करायची, विकत घेतलेले शेरे छापायचे नाहीत, अशी तत्त्वं त्यात आहेत. ते आलं मात्र स्वेच्छेने पाळायचं म्हणून.

विक्रेत्याने दाद कुठे मागायची?

इथे कायद्याची बाजू लंगडी आहे. २०२० च्या त्याच नियमांत प्लॅटफॉर्मने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असं आहे. पण ही मुदत ग्राहकाच्या तक्रारीसाठी आहे. खोट्या शेऱ्याने ज्याचं खातं बंद झालं त्या विक्रेत्यासाठी अशी मुदत त्या नियमांत नाही. मालाचा किंवा विक्रेत्याचा क्रम कशावरून लावतो ते प्लॅटफॉर्मने सोप्या भाषेत सांगायचं, असं नियमांत आहे. विक्रेत्यांनी हे कलम वाचून ठेवावं, प्रश्न विचारायला ते उपयोगी पडतं.

युरोपात याच विषयावर २०१९ चा एक स्वतंत्र कायदा आहे, जुलै २०२० पासून लागू झालेला. त्यात प्लॅटफॉर्मने विक्रेत्याचं खातं थांबवलं तर कारण लेखी द्यावं लागतं, कायमचं बंद करायचं असेल तर सर्वसाधारणपणे ३० दिवस आधी कळवावं लागतं आणि विक्रेत्यांच्या तक्रारी ऐकण्याची सोय ठेवावी लागते. शेरा काढून टाकायचा हक्क विक्रेत्याला देऊ नये, तो दिला तर रेटिंगचाच अर्थ जाईल. पण शेऱ्याखाली उत्तर लिहायची जागा, पुरावा दाखवायची खिडकी आणि तो पुरावा बघणारा खरा माणूस एवढं मिळायला हरकत नसावी.

तोवर विक्रेत्यांनी स्वतःच्या हातात आहे ते करावं. पेटी बंद करताना तारखेसह फोटो किंवा छोटा व्हिडिओ, वजनकाट्याचा आकडा दिसेल असा. बिल्टीची प्रत जपून ठेवायची. वर्णनात रंग, आकार, कच्चा की पिकलेला, किती दिवसांत तयार होईल ते मराठीत आणि हिंदी-इंग्रजीत लिहायचं. वाईट शेरा आला तर त्याच दिवशी, न चिडता, दोन ओळींचं उत्तर: काय झालं आणि काय भरपाई दिली. पुढचे शंभर गिऱ्हाईक ते उत्तर वाचतात. खातं एकाच प्लॅटफॉर्मवर ठेवू नये आणि जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर त्यांच्या परवानगीने स्वतःच्या वहीत असावेत.

आणि जे घेणारे आहेत, फवारणी पंप असो की बियाणं, त्यांनी आकड्याआधी शेऱ्यांची संख्या बघावी, मग दोन आणि तीन ताऱ्यांचे शेरे वाचावेत. पाच आणि एक ताऱ्यांत बहुतेक वेळा नुसता आनंद किंवा नुसता राग असतो, मधल्या शेऱ्यांत मालाची माहिती सापडते. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.